ट्रकातली डबल बेल

माझ्या ट्रकात घंटी आहे. हॉर्न नव्हे, घंटी. शेजारच्या सीटच्या डोक्यावरून एक दोरी निघते, केबिनच्या छताकडेनं माझ्या डाव्या कानापाशी येते आणि तिथं पितळेची एक जुनी घंटी लटकते, पूर्वी लाल गाडीत असायची तशी. टोलनाक्यावरची पोरं हसतात. हसू देत. ती दोरी ज्याच्या हातात असते त्या माणसामुळे मी आज हे लिहायला शाबूत आहे. त्याच्या तोंडावर हे बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून इथं लिहितो.

मी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण नांगराच्या मागे चालण्यापेक्षा स्टिअरिंगच्या मागे बसणं मला आवडलं आणि सगळी उमर मी सरकारी बस चालवली. जालना ते शहागड हा माझा मुख्य रस्ता. नियमाप्रमाणे वय झालं तसा रिटायर झालो. डेपोत शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंही वेळेवर पोहोचायचं नाही त्याला घड्याळ काहून देतात, हे मला अजून कळलेलं नाही. ते स्वयंपाकघरात लावलंय आणि बरोबर चालतं.

घरी बसायला मला येत नाही. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग मी बायकोला भाजी कशी निवडावी ते सांगू लागलो. सुनेला कपडे वाळत कसे घालावेत ते सांगू लागलो. फाटकाशी उभा राहून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला गाडी कशी वळवावी ते सांगू लागलो. एका सकाळी बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं, जगात एवढ्या गाड्या हायेत, एखादी घ्या की चालवायला! आम्हाला सोडा." माझ्या दुसऱ्या नोकरीची शिफारस ही अशी घरातूनच झाली.

एमआयडीसीत लोखंड वितळवून सळया काढायचे कारखाने आहेत. तिथला माल उचलणारा एक ट्रकमालक माझ्या ओळखीतून निघाला. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा, पण बोलायला गोड. "काका, नवी पोरं टिकत न्हाईत. तुमच्यासारखा माणूस कुठं मिळतो?" तो कौतुक करत होता की रडत होता, कोण जाणे. पण खरंच होतं ते. वजनकाट्यावर रांगेत उभे राहिलेले ट्रक बघावेत, निम्म्या खिडक्यांतून पांढरी डोकी बाहेर आलेली. कुणाचे गुडघे गेलेले, कुणी कवळी खिशात ठेवून तंबाखू मळणारा. डॅशबोर्डावर देवाच्या फोटोला टेकून बीपीच्या गोळ्यांची पट्टी. रांग हलेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या, त्या डिझेलवरून सुरू होऊन पोट साफ होण्यावर संपायच्या. कुणाला घर चालवायचं होतं, कुणाला घरात थांबवत नव्हतं. मला त्या रांगेत फार बरं वाटायचं. आपल्या वयाची माणसं नुसती बाकावर बसून नाहीत, गिअर टाकताहेत, हे बघून अंगात जोर यायचा.

पण बस चालवलेला माणूस ट्रकवर आला की काही दिवस त्याचं हसं होतं. माझंही झालं. अंबड रस्त्यावर एका फाट्याशी एका म्हातारीनं हात दाखवला. आयुष्यभर हात दिसला की गाडी थांबवायची सवय. सळयांनी भरलेला ट्रक मी तिच्यापुढे अगदी दार येईल असा उभा केला. ती मान वर करून बघत राहिली. म्हणाली, "ह्याच्यात चढू कशी रे बाबा?" बरं, चूक कळल्यावर निघावं की नाही? तर मी क्लच दाबून तसाच बसलो. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला तेव्हा लक्षात आलं, मी डबल बेलची वाट बघत होतो.

ज्यांनी लाल गाडीचा प्रवास लक्ष देऊन केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बसमध्ये कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की थांबायचं आणि दोनदा ओढली की निघायचं. गाडी ड्रायव्हरच्या हातात असते, पण सुटायचं कधी ते कंडक्टर ठरवतो. कारण दारात कुणाचा पाय अडकलाय, कुणाचं लेकरू खाली राहिलंय, ते ड्रायव्हरला दिसत नाही. एक बेल झाली की का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं, विचारायचं नंतर. वर्षानुवर्षं हे केलं की ते डोक्यात राहत नाही, पायात उतरतं.

ट्रकवर माझ्याबरोबर कुणी टिकेना. क्लिनर म्हणून जो येई तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसे, मी ओरडे आणि तो पुढच्या फेरीला गायब होई. शेवटी मालक म्हणाला, "काका, राग मानू नका. तुमच्या वयाच्या माणसाला एकट्याला गाडी देत न्हाई मी. भरवशाचं माणूस बाजूला बसवा, न्हाई तर चावी ठेवून द्या." चावी ठेवायची म्हणजे पुन्हा भाजी निवडायची. मला एकदम एकच माणूस आठवला.

शहागडच्या गाडीवर कितीतरी वर्षं माझा कंडक्टर एकच होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, मीही. ड्यूटीवर आमचं अहो-जाहो आणि गाडीतून उतरलं की अरे-तुरे. शिस्तीचा इतका पक्का की सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घेणार नाही आणि तिकिटाशिवाय सख्ख्या मेव्हण्याला गाडीत घेणार नाही. त्याची बायको आदल्या वर्षी वारली होती, मुलं पुण्याला. मी गेलो तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट, आणि जायचं कुठंच नव्हतं. शर्ट तेवढा पिवळट दिसत होता. वहिनी होत्या तोवर ह्याचा शर्ट कसा बगळ्यासारखा असायचा, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

"मास्तर, चला," मी म्हणालो.

"कुठं?"

"ड्यूटीवर."

तो उठला, आत गेला, पाण्याची बाटली आणि नॅपकीन घेऊन बाहेर आला. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. कसली ड्यूटी, किती दिवस, काहीच विचारलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बायकोनंही कधी टाकलेला नाही. ट्रक बघितल्यावर मात्र म्हणाला, "घंटी कुठंय?"

"ट्रकाला घंटी असती व्हय?"

"मंग निघायचं कसं?"

पहिल्या काही फेऱ्यांना तो दारावर हातानं थाप मारायचा आणि मी निघायचो. पण त्यात मजा नव्हती. मग एके दिवशी कारखान्याच्या भंगाराच्या ढिगात मला एक घंटी दिसली. भट्टीत जायला आलेल्या गंजक्या पत्र्यांत ती पितळेची पिवळी चकाकत होती. कुठल्या बसची होती देव जाणे. भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा काका, तेवढीच आठवण." मास्तरनं ती चिंचेनं घासली, दोरी बांधली आणि सीटवर बसून दोनदा ओढली. टण टण. माझा पाय क्लचवरून असा उठला की बस्स. अंबड येईपर्यंत दोघांचेही चेहरे हसरे होते, हे मी शपथेवर सांगतो.

ते दिवस फार चांगले गेले. सळया शहागडला, गेवराईला उतरवायच्या, शहागडच्या पुलावर आलं की मास्तर हमखास म्हणायचा, "गोदामाईला पाणी हाय औंदा," किंवा "न्हाई औंदा." पुढं एका ठरलेल्या टपरीवर चहा. त्याच्या डब्यात लसणाची चटणी, माझ्या डब्यात भाकरी. वहिनी गेल्यापासून मास्तर जेवताना बोलत नसे, तो हळूहळू बोलू लागला. मीही घरी जाऊन कमी ओरडू लागलो. सून एकदा मुलाला म्हणाली, "आबांना ट्रक मानवलाय." ते मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

मग हिवाळ्यात काचेचा त्रास सुरू झाला. म्हणजे मला वाटायचं काचेचा. समोरची काच धुरकट दिसे. मी ती ओल्या कागदानं पुसली, तंबाखू चोळून पुसली, शाम्पूनं धुतली. मालकाशी भांडून नवी बसवून घेतली. चार दिवस बरं वाटलं, म्हणजे वाटून घेतलं, आणि पुन्हा तेच. नवी काचही हलक्या कंपनीची म्हणून मी दुकानदाराला शिव्या घातल्या. मास्तर शेजारी बसून हे सगळं बघत होता. त्याला तीच काच स्वच्छ दिसत होती, पण तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त तेव्हापासून त्यानं दोरी हातातून सोडणं बंद केलं, हे मला फार नंतर कळलं.

त्या दुपारी आम्ही अंबड मागे टाकलं होतं. रस्ता मोकळा होता. मास्तर डाव्या हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे माझ्या पुढ्यात टाकत होता आणि मी डेपोतल्या एका जुन्या भांडणाची गोष्ट रंगात येऊन सांगत होतो. एकाएकी बेल झाली. एकच.

माझ्या मनात काही आलं नाही. यायला वेळच नव्हता. पाय आधीच ब्रेकवर गेला होता. गाडी कण्हत थांबली, मागे सळया एकदा खणखणल्या आणि दाणे सगळे खाली सांडले. "काय झालं?" मी विचारलं. मास्तरनं समोर बोट केलं. मला नुसता मातकट रस्ता दिसला. मग तो रस्ता हलायला लागला. मेंढरं होती. अख्खा कळप रस्ता ओलांडत होता आणि त्याच्या मधोमध एक धनगराची बाई, कडेवर कोकरू घेऊन, माझ्या बंपरपासून हातभर अंतरावरून चालली होती. तिनं वर बघितलं आणि थांबल्याबद्दल मला हात केला. मी पण हात केला.

कळप गेला. मी पहिला गिअर टाकला आणि डबल बेलची वाट बघू लागलो. बेल येईना.

"मास्तर, द्या ना बेल."

"न्हाई देत."

"काहून?"

"तुम्हाला मेंढरं कव्हा दिसली?"

"दिसली की."

"कव्हा दिसली, ते विचारून राह्यलो मी."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ह्या माणसासमोर फुकटे प्रवासीसुद्धा खोटं बोलताना अडखळायचे. "तुम्ही बोट दाखवल्यावर," मी म्हणालो.

"मंग उतरा खाली."

मी चिडलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडी माझी, लायसन्स माझं, तुला मी घरून उचलून आणला, इथपर्यंत बोललो. तो दोरी धरून समोर बघत बसला. मागून दोन गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. मी बेलशिवाय निघू शकलो असतो. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता, आणि एका दोरीला बांधलेली घंटी काही ट्रक धरून ठेवत नाही. पण माझा पाय क्लचवरून उठेना. बेल झालेली नव्हती.

शेवटी तो खाली उतरला, गाडीच्या पुढे उलटा चालत हातानं खुणा करत त्यानं मला ट्रक रस्त्याच्या कडेला घ्यायला लावला. मग मालकाला फोन लावला. "काकांना नजरेचा त्रास होऊन राह्यलाय. दुसरा ड्रायव्हर पाठवा." पोट दुखतंय म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. आम्ही बाभळीखाली बसलो. त्यानं डबा उघडून माझ्यापुढे केला. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं भूक लागली, तेव्हा तोंड फिरवलेलंच ठेवून हातानं घेतलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पिकलेला, डॉक्टर म्हणाले, आणि असं बघितलं जसं मी तो मुद्दाम पिकवला होता. चावी मालकाकडे गेली. डोळे झाल्यावर बघू, असं तो म्हणाला, म्हणजे आता काही खरं नाही, असं मी समजलो. मुलगा म्हणाला, बरं झालं. बायको मात्र भाजी माझ्या पाठीमागे निवडू लागली. मी तिला काही शिकवत नव्हतो. मला कशातच रस नव्हता. ट्रक गेला तर माझ्यात उरतं काय, हा एकच विचार दिवसभर डोक्यात.

मास्तर रोज यायचा. ऑपरेशनच्या दिवशीही बाहेर बाकावर बसून होता. नंतर दुपारचे थेंब डोळ्यात घालायला तोच येई, कारण सून कामावर जायची आणि बायकोचा हात थरथरतो. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. तो म्हणायचा, "वर बघा." मी वर बघायचो. तो थेंब घालून, पाणी पिऊन निघून जायचा.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी तो दारात उभा होता आणि मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याचा शर्ट पांढरा होता. पांढरा म्हणजे डोळे दिपतील असा. मला वाटत होतं, वहिनी गेल्यापासून ह्याचे शर्ट पिवळे पडलेत, ह्याच्याकडे बघणारं कुणी नाही. तो बिचारा रोज स्वतःच्या हातानं नीळ घालून शर्ट धूत होता. पिवळं सगळं माझ्या डोळ्यांत होतं. मी अबोला विसरून म्हणालो, "मास्तर, लई पांढरा शर्ट हाय रे तुझा."

"पहिल्यापासून हाय," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. माझे पण आले असते, पण डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. सरकारी तपासणी झाली. मालकानं स्वतः घरी येऊन चावी दिली. सगळ्यांनी होकार दिला आणि तरी मला धाकधूक होती, कारण ज्याचा होकार पाहिजे तो अजून काहीच बोलला नव्हता. पहिल्या फेरीला त्यानं बेल न देता नुसती दारावर थाप मारत मला आधी रिकामा ट्रक गावातून फिरवायला लावला, मग भरलेला ट्रक घेऊन आम्ही जालन्यातल्याच अंबड चौफुलीपर्यंत आलो. तिथं त्यानं एक बेल दिली. मी कडेला थांबलो. आता काय?

"समोरून गाडी येऊन राह्यली," तो म्हणाला. "पाटी वाचा."

लांबवर एक लाल ठिपका होता. मी बघत राहिलो. ठिपक्याची काच झाली, काचेवर पाटी झाली, पाटीवर अक्षरं झाली. "शहागड जालना," मी म्हणालो. "मास्तर, आपलीच गाडी हाय."

"खाली बारीक काय लिहिलंय?"

"मार्गे अंबड."

त्यानं मान हलवली नाही. बस आमच्याजवळ येऊन पुढे जाईपर्यंत तो डोळे बारीक करून, चष्मा वर-खाली करून थांबला. कारण मी बरोबर वाचलं की चूक, ते त्याला तिथून दिसतच नव्हतं! पाटी शेजारून गेल्यावर त्याची खात्री झाली. मग तो सावरून बसला आणि त्यानं दोरी ओढली. टण टण. मी हसत होतो आणि नाक पुसत होतो आणि गिअर टाकत होतो, तिन्ही एकदम.

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. मी किती दिवस चालवायचं ते मुलगा ठरवणार नाही, मालक ठरवणार नाही, आणि मी तर नाहीच नाही, कारण मला स्वतःला काचच खराब दिसणार. ते मास्तर ठरवणार. आज सकाळी निघालो तेव्हा त्यानं दोन बेल दिल्या. उद्याही देईल असं वाटतं.

पण एक दिवस तो एकच देईल आणि दोरी सोडून हात मांडीवर ठेवील. त्या दिवशी मी चिडेन, माझा स्वभावच तो. दोन-चार वाकडे शब्द बोलेन. मग चावी काढून त्याच्याकडे देईन आणि आम्ही लाल गाडीत रीतसर तिकीट काढून घरी येऊ. खिडकीची जागा मी त्याला देणार आहे. सगळी नोकरी त्यानं माझ्या मागे उभ्यानं काढली.